ऑगस्टची फट: फुकुओका आणि बुसानमधला हायड्रोजनचा सघन अभ्यासक्रम

जपानमधलं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, कोरियातलं मार्चमध्ये. कोरियात पहिलं सत्र जूनमध्ये आटोपतं आणि दुसरं एक सप्टेंबरच्या आसपास उघडतं. जपानमध्ये परीक्षा जुलैअखेरीस, कधी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतात आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत सुट्टी. दोन्हीकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना एका वर्गात बसवायचं तर हातात उरतो ऑगस्ट. त्यातही १५ ऑगस्टला कोरियाचा स्वातंत्र्यदिन, त्याच दिवशी जपानमध्ये युद्धसमाप्तीचं स्मरण आणि त्याला लागूनच ओबोन, म्हणजे पितरांचा सण, ज्यात निम्मा जपान गावी गेलेला असतो. एवढं सगळं वजा केलं की महिन्याचे शेवटचे दोन आठवडे मोकळे सापडतात. मी केलेला अभ्यासक्रम याच फटीत बसवलेला होता: पहिला आठवडा जपानच्या फुकुओकात, दुसरा कोरियाच्या बुसानमध्ये, विषय हायड्रोजन ऊर्जा, दोन क्रेडिट.

मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एमएस्सी केली आणि पीएचडीसाठी बुसानला आले. ही वाट आमच्याकडे चांगलीच मळलेली आहे. कोल्हापुरात थिन फिल्मवर काम केलेले कितीतरी जण कोरियातल्या विद्यापीठांत पीएचडी किंवा पोस्टडॉक करून गेले आहेत, आजही करत आहेत. माझं काम पाण्याच्या विघटनावर, म्हणजे विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढण्यावर आहे. निकेल फोमच्या चौरस सेंटिमीटरभर तुकड्यावर निकेल-लोहाचा थर चढवायचा, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या एक मोलर द्रावणात बुडवायचा आणि दहा मिलिअँपियरला किती जादा व्होल्टेज लागतं ते मोजायचं. दिवसचे दिवस यातच जातात.

कोरियातल्या लॅबमधून सहा महिन्यांसाठी दुसऱ्या देशात जायचं म्हणजे जवळजवळ अशक्य. प्रोजेक्टचा अहवाल असतो, उपकरणाची जबाबदारी असते, शिवाय आपल्या हाताखाली शिकणारी मास्टर्सची मुलं असतात. आमच्याच शहरात पोस्टडॉक करणारा गडहिंग्लजचा एक दादा आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, सहा महिने मागितलेस की विषय संपला. दोन आठवडे माग, सर नाही म्हणणार नाहीत." आणि तसंच झालं. क्योसुनिमनी, म्हणजे आमच्या सरांनी, एवढंच विचारलं की पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे आमचं व्होल्टेज-करंट मोजायचं उपकरण, त्या काळात कोण बघणार. मला या छोट्या अभ्यासक्रमांचं मोल इथेच दिसतं. लांबलचक आदानप्रदानाच्या योजना कागदावर सुंदर असतात, पण प्रयोगशाळेत रुतलेला विद्यार्थी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम मात्र त्याच्या आवाक्यात येतो.

या देवाणघेवाणीला पंधराएक वर्षांचा इतिहास आहे. जपान, चीन आणि कोरिया यांच्या सरकारांनी मिळून २०११ मध्ये 'कॅम्पस एशिया' नावाची योजना प्रायोगिक पातळीवर सुरू केली, तेव्हा दहा विद्यापीठगट निवडले गेले. इंजिनिअरिंगमधले दोन लगेच आठवतात. एक, टोकियो टेक, कोरियाचं काइस्ट आणि बीजिंगचं छिंगह्वा यांचा. दुसरा, क्यूशू विद्यापीठ, बुसान राष्ट्रीय विद्यापीठ आणि शांघाय जियाओ तोंग यांचा, जो ऊर्जा आणि पर्यावरण तंत्रज्ञानावर होता. यांतून दुहेरी पदव्या निघाल्या, उन्हाळी शाळा निघाल्या. पुढे अशा करारांच्या आधाराने दोन-दोन विद्यापीठांनी आपापसात छोटे अभ्यासक्रम उभे केले. फुकुओका आणि बुसान यांच्यामध्ये समुद्र आहे तो जेमतेम दोनशे किलोमीटरचा. बुसानहून सोल याहून दूर पडतं, तेव्हा या दोन शहरांनी एकमेकांशी जमवून घेणं स्वाभाविकच.

अर्ज सोपा होता: गुणपत्रक, सरांचं शिफारसपत्र आणि 'तुमच्या संशोधनाचा या विषयाशी काय संबंध' यावर एक पान. खरी कसोटी लागली ती व्हिसाची. कोरियन पासपोर्टवाल्यांना जपानला नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही, त्यामुळे अभ्यासक्रमाच्या कार्यालयात ही गोष्ट कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. भारतीय पासपोर्टला तो लागतो. यजमान विद्यापीठाकडून निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र हवं, हमीपत्र हवं आणि कोणत्या तारखेला कुठे मुक्काम, दिवसभर काय, असा रोजचा तक्ता हवा. निवड झाल्याचं कळलं त्याच दिवशी मी ही तिन्ही कागदपत्रं मागितली आणि हाती आल्याबरोबर बुसानच्या जपानी वकिलातीत अर्ज दिला. कोरियात परत येण्याची मात्र चिंता नसते; इथलं परदेशी नोंदणीचं कार्ड असलं आणि वर्षाच्या आत परतलं की वेगळी परवानगी लागत नाही. आपल्याकडून कुणी असा अर्ज करणार असेल तर तिकिटाच्याही आधी या कागदांच्या मागे लागा.

बुसानच्या गटाने विमान न घेता रात्रीची बोट घेतली. बुसान स्टेशनच्या मागेच आंतरराष्ट्रीय बंदर आहे. स्वस्त तिकिटात मोठ्या खोलीत पंगतीसारख्या ओळीने गाद्या घातलेल्या असतात. सकाळी हाकाता बंदरात उतरलो की समोर फुकुओका. ऑगस्ट म्हणजे वादळांचे दिवस; बोट रद्द झाली तर काय, यासाठी वेळापत्रकात पुढेमागे एकेक दिवस मोकळा ठेवला होता. आम्हाला तो वापरावा लागला नाही.

पहिली सकाळ सुरक्षेची. कोरियात दर सत्राला प्रयोगशाळा-सुरक्षेचा ऑनलाइन तास सक्तीचा असतो, म्हणून आमच्यातले बरेच जण 'हे माहीतच आहे' अशा चेहऱ्याने बसले होते. तिथल्या तंत्रज्ञ काकांनी काही न बोलता भिंतीशी साखळीने बांधलेल्या सिलिंडरांपुढे आम्हाला उभं केलं आणि हिरव्या सिलिंडरकडे बोट दाखवून विचारलं, यात काय आहे? बुसानची सगळी मुलं एका सुरात म्हणाली, ऑक्सिजन. जपानी मुलं म्हणाली, कार्बन डायऑक्साइड. दोघंही आपापल्या देशात बरोबर होते. कोरियात ऑक्सिजनचं सिलिंडर हिरवं असतं. जपानमध्ये हिरवं म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि ऑक्सिजन काळ्या सिलिंडरात. हायड्रोजन जपानमध्ये लाल, कोरियात केशरी. आपल्याकडेही हायड्रोजनचं सिलिंडर लालच असतं. खोलीत एकदम शांतता पसरली. ज्या वायूने आग विझते आणि ज्याने ती भडकते, त्या दोघांचा रंग समुद्र ओलांडला की एकच होतो, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येकाने जपानी रीतीने झडपा तपासायला शिकलो. हात पूर्ण लांब करून बोट दाखवायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं: 'मुख्य झडप बंद, योशी!' (योशी म्हणजे ठीक.) रेग्युलेटरचा काटा शून्यावर, योशी. गळतीशोधक चालू, योशी. पहिल्यांदा सगळे संकोचले. पण हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसाच्या उजेडात दिसतच नाही, हे समोर पाहिल्यावर कुणाचा आवाज दबला नाही. मी बुसानला परतल्यावर आमच्या लॅबमध्ये ही पद्धत सुरू केली आहे.

जपानमध्ये अशा एकत्र दाबून घेतलेल्या तासांना 'शूचू कोगी' म्हणतात आणि दीड तासाच्या एका तासिकेला 'कोमा'. दोन क्रेडिटसाठी तीसेक तास वर्ग भरवावा लागतो. दिवसाला चार कोमा, आणि संध्याकाळी गटाचं काम. सत्रभर पसरलेल्या विषयात आज ऐकलेलं पुढच्या आठवड्यापर्यंत मुरतं. इथे सकाळी ऐकलेलं संध्याकाळी वापरावं लागतं, नाहीतर गट अडतो. म्हणूनच आधी दिलेले व्हिडिओ पाहून येणं फार महत्त्वाचं. थर्मोडायनॅमिक्सची उजळणी वर्गात कुणी करत नाही. पाण्याचं विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला शक्य असलं तरी बाहेरून उष्णता न देता ते चालवायला १.४८ व्होल्ट लागतात, हे पहिल्याच तासाला सगळ्यांना ठाऊक आहे असं धरूनच सुरुवात झाली.

एक दिवस क्यूशू विद्यापीठाच्या इतो परिसराचा होता. शहराच्या पश्चिमेला टेकड्यांमध्ये वसवलेला हा परिसर हायड्रोजन संशोधनासाठी प्रसिद्ध आहे. उच्च दाबाच्या हायड्रोजनमुळे पोलाद ठिसूळ कसं होतं, यावर तिथे वर्षानुवर्षं काम चाललेलं आहे. मोटारीच्या टाकीत हायड्रोजन सत्तर मेगापास्कल दाबाने भरलेला असतो, म्हणजे वातावरणाच्या सातशे पट. एवढ्या दाबाखाली तो धातूच्या आत शिरतो आणि पोलादाला भेग पडायला एरवीपेक्षा कमी ताण पुरतो. माझ्यासारख्या बीकरमध्ये बुडबुडे मोजणाऱ्या मुलीला हायड्रोजन तयार झाल्यानंतर त्याचं काय होतं, याचा विचार करायची वेळ कधी आलीच नव्हती.

पण या अभ्यासक्रमाचा गाभा होता गटाला दिलेला प्रश्न. आमच्या गटात मी, बुसानची केमिकल इंजिनिअरिंगची एक मुलगी, तिथलाच इलेक्ट्रिकलचा एक मुलगा आणि फुकुओकाचे मेकॅनिकलचे दोघे. प्रश्न असा: क्यूशूमध्ये, म्हणजे फुकुओका ज्या बेटावर आहे तिथे, सौर पॅनेल इतके झाले आहेत की वसंतात आणि शरदात दुपारी वीज खपतच नाही. ऑक्टोबर २०१८ पासून तिथल्या वीजकंपनीला सौर प्रकल्पांना 'थांबा' सांगावं लागतं. कोरियाच्या जेजू बेटावर हीच गत पवनचक्क्यांची. ही वाया जाणारी वीज हायड्रोजन बनवायला वापरली तर किलोला काय भाव पडेल?

पहिली संध्याकाळ एककांतच गेली. फुकुओकाचे दोघे सगळं 'नॉर्मल घनमीटर'मध्ये (शून्य अंश आणि वातावरणाच्या दाबाला वायू जेवढी जागा व्यापतो त्या मापात) मांडत होते, बुसानची मुलगी किलोमध्ये. फळ्यावर दोन उद्दिष्टं शेजारी शेजारी लिहिली होती. जपानने २०१७ च्या हायड्रोजन धोरणात २०३० साठी ठेवलेलं: घनमीटरला ३० येन. कोरियाने २०१९ च्या आराखड्यात २०४० साठी ठेवलेलं: किलोला ३,००० वॉन. एका किलोत ११.१३ नॉर्मल घनमीटर मावतात, म्हणजे जपानचे ३० येन झाले किलोला साधारण ३३४ येन. येनला नऊ वॉन धरले तर कोरियाचे ३,००० वॉन झाले ३३३ येन. दोन्ही बाजूंनी आकडा आला तेव्हा फळ्यापुढे एकच आरडाओरडा झाला. दहा वर्षांचं अंतर, वेगळं एकक, वेगळं चलन, आणि आकडा तोच! सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या प्राध्यापकांनी, मात्र लगेच सावध केलं की या दोन किमती साखळीतल्या एकाच टप्प्यावरच्या नाहीत, तेव्हा तुलना जपून करा. तरीही आमच्या गटाला डोळ्यापुढे ठेवायला एक आकडा मिळाला, आणि तो दोघांचाही होता.

मग हिशेब. दहा मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारं यंत्र, धरला. फुकुशिमातल्या नामिए गावी २०२० मध्ये उभा राहिलेला प्रकल्प याच क्षमतेचा आहे, त्यामुळे हा आकार हवेतला नव्हता. किलोभर हायड्रोजनला ५५ युनिट वीज धरली. फुकट वीज वर्षातून ८०० तास मिळेल असं गृहीत धरलं. वर्षाला ८० लाख युनिट, म्हणजे साधारण १ लाख ४५ हजार किलो. यंत्राची किंमत किलोवॉटला एक लाख येन धरली तर एकूण १०० कोटी येन. पंधरा वर्षांत विभागली, व्याज सोडून दिलं, तरी वर्षाला पावणेसात कोटींच्या आसपास. किलोमागे ४६० येन. वीज संपूर्ण फुकट असूनही आम्ही ३३४ च्या कितीतरी वर होतो.

इलेक्ट्रिकलचा मुलगा म्हणाला, मग यंत्र जास्त तास चालवू. चार हजार तास चालवलं तर यंत्राचा भार किलोमागे ९२ येनांवर उतरला, पण आता वीज विकत घ्यावी लागणार. युनिटला दहा येन धरले तर नुसत्या विजेचेच ५५० येन. इकडे आड, तिकडे विहीर. रात्री उशिरापर्यंत आम्ही तास आणि दर खालीवर करत बसलो, आणि त्यातूनच एक आलेख तयार झाला: कमी तासांना यंत्राची किंमत मारते, जास्त तासांना विजेची, मध्ये एक खोलगट भाग. त्या भागाचा तळ ३३४ च्या खाली न्यायचा तर यंत्र किती स्वस्त हवं, हे आम्ही उलटं काढलं. 'वाया जाणारी वीज आहे, म्हणजे हायड्रोजन स्वस्त' हे वाक्य मी माझ्या क्षेत्रातल्या शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत वाचत आले होते. ते इतकं सोपं नाही, हे त्या रात्री कळलं.

आठवड्याअखेरीच्या आढाव्यात सेन्सेईंनी आमचा तक्ता शांतपणे पाहिला आणि मला विचारलं, "सूर्य मावळल्यावर तुमच्या इलेक्ट्रोडचं काय होतं?" मी म्हटलं, यंत्र बंद होतं. ते म्हणाले, "यंत्र बंद होतं. इलेक्ट्रोड बंद होतो का?"

औद्योगिक यंत्रात कित्येक पेशी (सेल) एकावर एक रचलेल्या असतात आणि द्रावण सगळ्यांतून एकाच नळीने फिरतं. वीज तोडली तरी एका बाजूच्या निकेलवर ऑक्सिडीकृत थर शिल्लक असतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. मग त्या सामायिक द्रावणातून करंट उलटा वाहू लागतो, आणि तो थांबेपर्यंत इलेक्ट्रोड झिजत राहतो. सौर विजेवर चालवायचं म्हणजे हे रोज संध्याकाळी होणार. माझ्या क्षेत्रातले बहुतेक निबंध टिकाऊपणा मोजतात तो अखंड, न थांबता चालवून. खऱ्या यंत्रात द्रावण पंचवीस-तीस टक्के तीव्रतेचं, तापमान सत्तर ते नव्वद अंश. आम्ही मोजतो एक मोलर द्रावणात, खोलीच्या तापमानाला. सेन्सेईंनी टीका केली नाही, फक्त प्रश्न विचारला. पण माझ्या पीएचडीच्या पुढच्या वर्षाची दिशा तिथेच बदलली.

दुसऱ्या आठवड्यात सगळा वर्ग बोटीने बुसानला आला. माझ्यासाठी हे घरच्यासारखंच, त्यामुळे फार लिहीत नाही. उल्सानची सहल मात्र सांगायला हवी. बुसानहून तासाभराच्या अंतरावर पेट्रोकेमिकल कारखान्यांचं हे शहर. तिथे हायड्रोजन इतर प्रक्रियांतून आपोआप निघतो आणि नळांतून कारखान्या-कारखान्यांत फिरतो. याच शहरात ह्युंदाईची हायड्रोजनवर चालणारी नेक्सो मोटार बनते. फुकुओकाचे दोघे त्या नळांकडे बराच वेळ पाहत उभे होते. आपण ज्या ३३४ येनांसाठी झगडतो आहोत त्याची स्पर्धा कशाशी आहे, ते तिथे नळांच्या रूपाने समोर होतं. त्या रात्री आम्ही जेजूच्या भागाचा हिशेब पुन्हा केला. वाऱ्याला रात्र आडवी येत नाही, तास जास्त मिळतात, थांबणं-सुरू होणं मात्र अनियमित. क्यूशू आणि जेजूसाठी एकच यंत्र चालणार नाही, असा निष्कर्ष आम्ही सादरीकरणात मांडला आणि त्यावर चांगली खडाजंगी झाली. पहिले दोन दिवस विचारल्याशिवाय न बोलणारा फुकुओकाचा मुलगा त्या दिवशी बुसानच्या क्योसुनिमांशी उलटा करंट रोखण्याच्या झडपांवरून पाच मिनिटं वाद घालत होता.

क्रेडिट नोंदवून घ्यायला वेळ लागला. यजमान विद्यापीठाचं गुणपत्रक, तासांचा तपशील असलेला अभ्यासक्रम आणि हजेरी, असं सगळं जोडून अर्ज द्यावा लागतो. दोन्ही देशांच्या गुण देण्याच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे माझ्या गुणपत्रकावर श्रेणी न येता फक्त 'उत्तीर्ण' आलं. शिष्यवृत्तीसाठी सरासरी जपणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. आणि अभ्यासक्रमाचा तपशील मूळ भाषेत मिळाला तर इंग्रजी प्रतही तिथेच शिक्का मारून घ्यावी. नंतर मागवण्यात महिने जातात.

आता माझ्या टेबलावर नवा सेल आहे. तीस टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ऐंशी अंश तापमान, चौरस सेंटिमीटरला अर्धा अँपियर. आठ तास चालू, मग वीज तोडायची, उलटा करंट वाहू द्यायचा, सकाळी पुन्हा सुरू. निकेल-लोहाचा जो थर दहा मिलिअँपियरला सुरेख चालायचा तो इथे लवकर ढासळतो. का ढासळतो, ते शोधते आहे. गटातली बुसानची मुलगी शुक्रवारी आमच्या लॅबमध्ये येते, आणि फुकुओकाचे दोघे आम्ही पाठवलेल्या मोजमापांवर त्यांच्याकडून पेशींच्या रचनेचं गणित चालवून बघतात.